विहीणबाईंची गारगोटी

आमच्या घरात दुसऱ्याच्या खड्याला हात लावायच्या आधी एक बोल घेतात. ज्याचा खडा असेल त्यानं तो उजव्या तळहातावर ठेवायचा, आमच्या यांच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "फुटना ते मना." म्हणजे, फुटला तर माझा. एवढं म्हटलं की मग हे खडा उचलतात. तोवर खडा कितीही साधा असो, हे हात मांडीखाली दाबून बसतात. माझे सासरे धुळ्याचे. तेही असंच करायचे, आणि बोल अहिराणीतच वदवून घ्यायचे. आम्ही जळगावला आलो, घरातली बोली हळूहळू बदलली, पण हा बोल तसाच राहिला. समोर हिंदी बोलणारं गिऱ्हाईक असलं तरी हे त्यालासुद्धा अहिराणीतच म्हणायला लावतात. मग तो माणूस अडखळतो, हसतो, आणि मी आतल्या खोलीत पोळ्या लाटता लाटता मनात म्हणते, चला, एक जोखीम टळली.

सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. पुढच्या खोलीत यांची बैठक. हे जडाईचं काम करतात, म्हणजे दागिन्यात खडे बसवतात, सैल झालेले घट्ट करतात. खडे घासायचं, त्यांना पैलू पाडायचं काम सासऱ्यांचं. ते यांनाही येतं, पण आता खडे मशीनवर कापलेले, पाकिटात भरून येतात. त्यामुळे सासऱ्यांचं घासायचं चाक माळ्यावर गेलं आणि त्याच्याशेजारी मी पापडाचे डबे ठेवले. कधीतरी चोपड्याकडचा एखादा केळीवाला शेतकरी वडिलांच्या अंगठीतलं पोवळं घेऊन येतो. तो बोल देतो आणि लगेच पुढे जोडतो, "फुटना ते मना, पन भाऊ, जरा जपीसन!" हे मान हलवतात. जपायचं तर आहेच, पण फुटलं तर कोणाचं, ते आधी ठरलेलं बरं.

मला हा बोल फार आवडतो, कारण मी काळजीची बाई आहे. गॅस बंद केला का हे बघायला मी बसस्टँडवरून परत आलेली आहे. आमची लेक म्हणते, आईला काळजी नसली की आम्हालाच काळजी वाटते. म्हणू दे. पण तिचं लग्न ठरलं आणि माझ्या काळजीला खरोखरीचं काम मिळालं.

स्थळ धुळ्याचं. मुलगा इथेच, जळगावला, पाइपांच्या कारखान्यात. घरची कपाशीची शेती. मुलगा आम्हाला आवडला, लेकीला तर आमच्या आधीच आवडला होता, हे आम्हाला नंतर कळलं. सुपारी फुटली, लग्न दिवाळीनंतर धरलं. लेकीच्या होणाऱ्या सासूबाईंना बघून मात्र मला धाक वाटला. बांधावर उभं राहून पलीकडच्या शेतातल्या मजुराला हाक मारावी असा त्यांचा आवाज. बोलताना समोरच्याला वाक्य पुरं करू देतील तर शपथ. मी यांना म्हटलं, "आपली पोरगी या आवाजापुढे टिकेल का हो?" हे म्हणाले, "पोरीचा आवाज तू ऐकलेला नाहीस का?"

श्रावण लागायच्या थोडं आधी त्या विहीणबाई आमच्याकडे आल्या, एकट्याच. पिशवीतून स्टीलची डबी काढली, डबीतून कापूस, कापसातून एक पदक. मी आयुष्यभर सोन्याच्या बाजारात राहिलेली बाई, पण असलं काही बघितलं नव्हतं. सोन्याच्या जाड कोंदणात एक गारगोटी बसवलेली, जुन्या पाच रुपयांच्या नाण्याएवढी. दगड पांढरा, पातळ दुधासारखा. आणि त्याच्या आतून सोन्याची शीर गेलेली. वरून चिकटवलेली नाही, ओतलेली नाही, दगडाबरोबरच जमिनीत तयार झालेली. कडेपासून निघून ती मधोमध येत होती आणि तिथे तिला दोन बारीक फाटे फुटले होते.

"हे आमच्या कानबाईचं," विहीणबाई म्हणाल्या. "श्रावणात देवी घरात बसते तेव्हा तिच्या गळ्यात असतं. एरवी घरच्या थोरल्या सुनेचं. म्हणजे उद्या तुमच्या पोरीचं."

त्यांच्या आजेसासऱ्यांचे कोणी काका म्हणे दक्षिणेत सोन्याच्या खाणीवर कारकून होते, त्यांनी तिकडून हा दगड आणला. "आणला की उचलला, ते कानबाई जाणे," असं म्हणून त्या मोठ्यानं हसल्या.

काम काय होतं? दगडाची कड थोडी घासून तो लहान करायचा आणि कोंदण त्या मापाचं करायचं. "बाजारात न्यायचा नाही मला. तिथे दगड फोडून सोनं किती निघेल तेवढं सांगतील. तुम्ही घरचे. कानबाईच्या आधी द्या."

आता बोल घ्यायची वेळ. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. यांचे हात मांडीखाली गेले. यांनी तोंड उघडलं. विहीणबाईंनी वाट बघितली. सुपारीनंतर त्यांचं आमच्या घरातलं हे पहिलंच येणं, वरपक्षाची बाई, लग्न समोर, आणि तिच्या तोंडून "फुटना" म्हणून वदवून घ्यायचं? यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. मग हे म्हणाले, "चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला, आणि डबी आमच्याकडे ठेवून त्या गेल्या.

दार लागल्यावर मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. थोडक्यात, परक्याकडून बोल घेता आणि जिथे खरी गरज तिथे चहा पाजता, असं बोलले. हे म्हणाले, "विहीण आहे ती. तिला फुटण्याचं कसं बोलायला लावू?" यांचंही खरंच होतं. लग्नघरात आपण दिवासुद्धा विझवला म्हणत नाही, शांत केला म्हणतो. पण मला तेवढ्यानं धीर येईना.

मग यांनी दगड भिंगाखाली धरला आणि पहिल्यांदा कारागिरीच बघत बसले. मला बोलावलं. "बोट फिरव." मी फिरवलं. "सोनं कुठे लागलं?" कुठेच लागलं नाही. सोनं मऊ, गारगोटी कडक. एकाच चाकावर दोन्ही घासले की सोनं आधी झिजतं आणि तिथे घळ पडते. इथे दगड आणि सोनं सपाट, एकाच अंगाचे झाले होते. "कोणी घासला असेल हो?" मी विचारलं. "माहीत नाही," हे म्हणाले, "पण माणूस घाईत नव्हता."

मग यांनी दगड उन्हाकडे वळवला आणि गप्प झाले. हे तसे गप्पच असतात, पण त्या गप्पपणाचेही प्रकार आहेत आणि हा वाईटातला होता. कोंदणाच्या आतल्या कडेला एक भेग होती, केसासारखी. कडेपासून निघून सोन्याच्या शिरेच्या दिशेनं गेलेली. वरून बघितलं तर दिसत नव्हती, कोंदणाच्या ओठाखाली लपली होती.

"आणि हे कोंदण तर चांगलं आहे," हे पुटपुटले. "लहान कशाला करायचं?"

माझं तिकडे लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात एकच घुमायला लागलं. दगडाला आधीच भेग आहे. घासताना तो फुटणार. आणि फुटला की कोण म्हणणार आहे, भेग आधीचीच होती? नवरीच्या बापानं फोडला, एवढंच म्हणतील. त्यांच्या घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची कानबाईची वस्तू, सुनेनं उंबरा ओलांडायच्या आधीच तिच्या माहेरानं फोडली. दरवर्षी श्रावण येईल, कानबाई बसेल, तिचा गळा रिकामा दिसेल, आणि सगळी भाऊबंदकी माझ्या लेकीकडे बघेल.

हे मी उगाच रंगवून सांगत नाही. मी नवी नवरी असताना माझ्या हातून लोणच्याची एक बरणी फुटली होती. साधी चिनीमातीची बरणी. सासूबाई जाईपर्यंत लोणच्याचा विषय निघाला की ती बरणी निघायची. त्या वाईट नव्हत्या, पण विसरत नव्हत्या. बरणीचं हे, तर सोन्याच्या गारगोटीचं काय होईल?

"परत देऊन टाकू," मी म्हटलं. "म्हणू, जमत नाही."

"मग म्हणतील, एवढं घरचं काम केलं नाही."

"मग फोन करा. भेग आहे म्हणून सांगा."

"आमच्या हातात आल्यावर भेग सापडली म्हणू? कोण विश्वास ठेवेल?"

लेक ऑफिसातून आली. तिनं पाच मिनिटांत तोडगा काढला. "फोटो काढा, व्हॉट्सॲपवर पाठवा, विचारा." जणू पार्सलमध्ये कप फुटका आला होता. मी तिला म्हटलं, "तुझ्या होणाऱ्या सासूला फुटक्या दगडाचा फोटो पाठवू? शुभ सकाळ म्हणून?" ती हसत सुटली. मला तिचं हसणं बघून आणखी भीती वाटली. तिला कळतच नव्हतं की हा दगड तिच्या गळ्यात पडणार आहे.

पुढचे दिवस माझे फार वाईट गेले. डबी मी आधी कपाटात ठेवली. मग वाटलं, कपाटाचं दार आदळतं. मग तुरीच्या डाळीच्या डब्यात, डाळीच्या आत, मऊ बसेल म्हणून. मग स्वयंपाक करताना डाळ घ्यायला गेले आणि काळजात धस्स झालं, आपण डबीवर वाटी आपटली की काय. दिवसातून कितीदा तरी डबी उघडून भेग वाढली का बघायची. भिंग मला नीट धरता येत नाही, त्यामुळे कधी भेग वाढलेली दिसायची, कधी नाहीशीच झालेली. यांनी शेवटी डबी माझ्याकडून काढून घेतली.

हे मात्र तयारीला लागले. माळ्यावरून चाक काढलं, पापडाचे डबे बाजूला सारून. हे चाक म्हणजे लाख आणि कुरुंदाच्या कडक दगडाची पूड एकत्र वितळवून केलेली जाड भाकरीच. लाकडी कण्यावर उभी बसवलेली. कण्याला चामड्याची वादी गुंडाळायची, एकानं वादी आळीपाळीनं ओढायची, चाक पुढे-मागे फिरतं, आणि दुसऱ्यानं पाण्याच्या थेंबाखाली खडा त्यावर टेकवायचा. मोटरच्या चाकावर काम लवकर होतं, पण मोटर थरथरते, आणि भेग पडलेल्या दगडाला ती थरथर सोसत नाही. जुनं चाक सुकून तडकलं होतं. यांनी नवी लाख आणली, कुरुंद बारीक चाळला, नवं चाक ओतलं. सासऱ्यांच्या वेळी वादी सासूबाई ओढायच्या. आता कोण ओढणार हे मला कोणी विचारलं नाही, माझ्यासमोर वादी ठेवली.

सरावाला म्हणून यांनी तापीतली एक साधी गारगोटी काडीच्या टोकावर लाखेनं चिकटवली. मी ओढायला लागले. दोन्ही हात सारख्या जोरानं, हिसका नाही, थांबणं नाही. पोळी लाटण्यासारखंच आहे, हे म्हणाले. मग मी पोळी लाटते तशी ओढली आणि मधेच मला वाटलं, हा दगड विहीणबाईंचा असता तर! तेवढ्या विचारानं हात हिसकला. टक् करून गारगोटीचा टवका उडून भिंतीवर गेला.

यांनी चाकावरून काडी उचलली. मी मात्र उठले, हात पुसले आणि म्हटलं, "बोल आणल्याशिवाय मी वादीला हात लावणार नाही. मी धुळ्याला जाते."

"काय सांगशील?"

"आपली रीत आहे ती सांगेन. रीत सांगायला लाज कसली?"

असं ठणकावून म्हटलं खरं, पण एस.टी.त बसल्यावर सगळा ठणका उतरला. पदक रुमालात बांधून, रुमाल पोलक्यात खोचून, वर सेफ्टी पिन. हात छातीवरून हलवायची सोय नाही. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, रस्त्याचे खड्डे मी एकेक मोजल्यासारखे अंगावर घेतले. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, "ताई, छातीत दुखतंय का? गाडी थांबवू का?" मी म्हटलं, दुखत नाही, काळजी आहे. त्या म्हणाल्या, मग ती धुळ्यालाही थांबत नाही.

विहीणबाईंचं घर पांझरेच्या पलीकडे. गेले तेव्हा त्या पुढच्या खोलीत कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडत बसल्या होत्या. मला अचानक बघून दचकल्या. मी आले म्हणजे काहीतरी बिघडलं, असंच त्यांना वाटलं असणार. आतल्या खोलीत बाजेवर त्यांच्या सासूबाई, सगळ्यांच्या अक्का. खूप म्हाताऱ्या, डोळ्यांनी कमी, पण कान टवकारलेले.

"कोन ऊनं वं?" अक्कांनी आतून विचारलं.

"जळगावच्या विहीणबाई, अक्का."

"बठ्ठं बरं शे ना?"

"बरं शे, बरं शे."

मी पाणी प्याले आणि एका दमात सांगून टाकलं. आमच्याकडे बोल घ्यायची रीत आहे, त्या दिवशी घ्यायचा राहिला, बोल घेतल्याशिवाय यांचा हात चालत नाही, अपशकुन समजू नका. भेगेबद्दल बोलायचं धाडस मला झालं नाही. रुमाल सोडला आणि पदक त्यांच्यापुढे धरलं.

विहीणबाईंचा गव्हातला हात थांबला. मला वाटलं, आता तो आवाज सुटणार. पण त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, अक्कांच्या टीव्हीचा आवाज मोठा केला, आणि परत येऊन माझ्या अगदी जवळ बसल्या. मग त्या बोलल्या ते इतक्या हळू की मला वाटलं, दुसरीच कोणी बाई बोलते आहे.

"भेग दिसली ना भाऊंना?"

मी नुसती मान हलवली.

"मना हातथीन फुटना तो."

लग्नानंतरचा त्यांचा पहिला श्रावण. कानबाईचे दागिने धुवायचं काम नव्या सुनेला दिलं होतं. त्यांनी रिठ्याच्या कढत पाण्यात सगळं बुडवलं, घासलं, आणि चकाकावं म्हणून लगेच माठातल्या गार पाण्यात टाकलं. तेव्हा पदकातून एक आवाज आला. "बारीक. बोट मोडल्यासारखा. कोणालाच ऐकू नाही आला, मला आला." त्यांनी पदक पुसलं, भेग कोंदणाखाली आहे असं बघितलं आणि गप्प बसल्या. त्या वेळी अक्कांचा दरारा असा होता की दुधाला उतू जायची भीती वाटायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता लेकरं झाली, लेकरांची लग्नं आली.

"दर कानबाईला मीच पदक बांधते. दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. सगळे म्हणतात, थोरलीला फार हौस. हौस कसली बाई! धाक."

आता मला कळलं, चांगलं कोंदण असताना कड घासायला का सांगितली ती. भेग कडेला होती. कड गेली की भेग जाईल, आणि पदक सुनेच्या हातात देताना कोणाला काही सांगावं लागणार नाही. आम्ही इकडे त्यांना भेग कशी दाखवावी म्हणून मरत होतो, आणि त्या तिकडे आम्हाला ती दिसली तर काय म्हणून मरत होत्या. मला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. त्या दांडग्या बाईचा हात मी हातात घेतला, तो गव्हाच्या धुळीनं खरखरीत आणि थंडगार होता.

"बोल द्या," मी म्हटलं. "आता तर द्याच."

त्यांनी पदक उजव्या तळहातावर घेतलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मी म्हटलं, असं चालत नाही, ऐकू यायला पाहिजे. मग त्यांनी डोळे मिटले आणि बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाल्या, "फुटना ते मना."

नेमकी तेव्हाच टीव्हीवर जाहिरात संपली असावी.

"काय फुटनं वं?" आतून अक्का.

"नारय फुटना, अक्का!" विहीणबाईंनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात सगळं नारळावर ढकललं, आणि पदराच्या टोकानं डोळे पुसले.

घरी येऊन मी यांना एवढंच म्हटलं, बोल मिळाला. यांनी पुढे काही विचारलं नाही. हा यांचा गुण आहे, एरवी मी त्याला दोष म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन पुढच्या खोलीत आलं तेव्हा, काम सुरू झालं. यांनी कोंदण उघडून दगड काढला. लाख लांबूनच कोमट केली, दगडाला शेक लागू दिला नाही. काडीवर बसवला. चाकाखाली पांढरं फडकं अंथरलं, कारण पाण्याबरोबर सोन्याचा कण गेला तर तो मालकाचा. मी वादी धरली. बोल होता, तरी काळजी होतीच. बोलानं दोष टळतो, दगड थोडाच वाचतो?

मी ओढत राहिले. चाकाचा आवाज सुरुवातीला खरखर, मग पाणी मुरल्यावर नुसता हुंकारासारखा. हे दगड टेकवत, उचलत, उन्हात बघत, पुन्हा टेकवत. मी दगडाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून यांच्या मनगटाकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे ती नवी नवरी येत होती, माठात हात घातलेली, आवाज ऐकून तशीच थांबलेली. आणि तिच्या जागी माझी लेक. खांदे भरून आले, तरी मी हिसका बसू दिला नाही.

एकदा टक् झालं. आम्ही दोघं तसेच्या तसे थांबलो. यांनी काडी उलटी करून बघितली. लाखेचा एक कण सुटला होता, दगड साबूत होता. हे म्हणाले, "पाणी पी." मी प्याले, हेही प्याले.

दुपार झाली तेव्हा यांनी हात थांबवला. कड सगळीकडून सारखी उतरली होती आणि भेगेचा बराचसा भाग गेला होता. बराचसा, सगळा नाही. शिरेच्या अगदी जवळ केसाचा एक तुकडा उरला होता. "आणखी घासलं तर सोनं सुटेल," हे म्हणाले. "आता हे असंच राहणार. जपलं तर राहील." मग लाकडी चाकावर झिलई दिली, कोंदण आवळून दगड बसवला. बोट फिरवलं तर सोनं कुठे लागतं ते तेव्हाही कळलं नाही. मी यांना तसं सांगितलं. यांना बरं वाटलं असावं, कारण त्या दिवशी यांनी मागून चहा घेतला.

विहीणबाईंना मी फोनवर सगळं खरं सांगितलं. केसभर उरली आहे, म्हटलं. पलीकडे टीव्हीचा आवाज मोठा झाला. मग त्या म्हणाल्या, "बरं. कानबाईला घेऊन या. पोरीलापण आणा."

माझी काळजी कुठे गेली नव्हती, फक्त तिनं जागा बदलली. आता दगड फुटायचा तर लेकीच्या हातात फुटणार. विहीणबाई आज चांगल्या आहेत. उद्या फुटला तर त्यांना सोयीचंच नाही का? इतकी वर्षं स्वतःच्या माथ्यावर असलेलं सुनेच्या माथ्यावर गेलं की सुटल्या. असं मनात आलं त्याची मला लाज वाटली, पण आलं हे खरं.

कानबाईच्या रविवारी आम्ही तिघं धुळ्याला गेलो. घर भाऊबंदांनी भरलेलं. रोट फक्त त्यांच्या भाऊबंदकीनं खायचे, म्हणून आमचा स्वयंपाक वेगळा केला होता. लेक माझ्या कानात म्हणाली, पुढच्या वर्षी मी रोट खाईन आणि तुम्ही बघत बसा. चौरंगावर नारळाची कानबाई मांडलेली, डोळे, नथ, हिरवी साडी. गळा तेवढा मोकळा. बाजूला बाजेवर अक्कांना आणून बसवलं होतं.

विहीणबाईंनी डबी उघडली. बायका थोड्या मागे सरल्या, पदक थोरली बांधते हे सगळ्यांना ठाऊक. पण त्यांनी लेकीला हाक मारली. "ये. यंदा तू बांध."

लेक पुढे झाली, हात पुढे केला. विहीणबाईंनी पदक तिला दिलं नाही. आधी आपल्याच उजव्या तळहातावर ठेवलं, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, "फुटना ते मना."

लेक हसली. "हे तर आमच्या बाबांचं आहे!"

"हो. पण आता तुझ्या हातातून फुटलं, तरी माझं. आज, उद्या, कधीही."

"काय फुटनं वं?" बाजेवरून अक्का.

मी विहीणबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा एक क्षण त्या नव्या सुनेसारखा झाला. मग त्या वळल्या आणि बांधावरून हाक मारावी तशा आवाजात, सगळ्या भाऊबंदकीसमोर म्हणाल्या, "अजून काही नही फुटनं, अक्का. पन फुटना ते मना, इतलंच सांगी ऱ्हायनू तिले."

अक्कांनी मान हलवली, काय समजल्या त्या समजल्या. लेकीनं पदक घेतलं, कानबाईच्या गळ्यामागे दोरा नेला आणि सावकाश, नीट गाठ मारली.